एटीसीचा खर्च कोण उचलतं? अमेरिकेतल्या छोट्या विमानांचे पायलट या प्रश्नावर इतके हळवे का आहेत?

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावातली एक शिक्षिका आहे. तिच्याकडे खासगी पायलटचं लायसन्स आहे. रविवारी सकाळी ती फ्लाइंग क्लबचं चार सीटचं सेसना १७२ विमान तासाच्या भाड्यावर घेते. निघण्याआधी हवामानाची माहिती मागवते. आकाशात गेल्यावर रेडिओवरून रडार कंट्रोलरला सांगते, "माझ्यावर लक्ष ठेवाल का?" कंट्रोलर तिला आजूबाजूच्या विमानांची माहिती देत राहतो. दीड तासाने ती दुसऱ्या शहरात टॉवरची परवानगी घेऊन उतरते.

हवामानाची माहिती, रडारवरची नजर, टॉवरची मदत, या सगळ्याचं बिल किती?

शून्य. तिच्या हातात वेगळं बिल येत नाही.

मग कंट्रोलरचा पगार, रडारची देखभाल आणि टॉवरचं वीजबिल कोण भरतं? अमेरिकेत गेली कित्येक वर्षं या प्रश्नावर राजकारण चाललंय. विमान कंपन्या, खासगी जेटचे मालक, कंट्रोलरची युनियन आणि हौशी पायलट असे सगळेच त्यात उतरलेत. भारतातून तिकडे पायलट व्हायला जाणाऱ्या मुलांच्या खिशाशीही हा प्रश्न जोडलेला आहे.

एटीसी नेमकं करतं काय?

एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजेच एटीसीचं मुख्य काम म्हणजे दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर ठेवणं. विमानतळावरचा टॉवर धावपट्टी आणि तिच्या आसपासची विमानं सांभाळतो. रडार सेंटर पुढच्या प्रवासावर नजर ठेवतात.

अमेरिकेत हे काम फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए ही सरकारी संस्था करते. विमान सुरक्षेचे नियम बनवणं आणि रोजची हवाई वाहतूक चालवणं, ही दोन्ही कामं तिच्याकडेच आहेत. देशभरात ५०० च्या वर टॉवर आहेत. त्यातले जवळपास निम्मे एफएए स्वतः चालवते आणि उरलेले ठेकेदार कंपन्यांमार्फत चालतात. ठेक्याचे टॉवर प्रामुख्याने छोट्या शहरांत आहेत.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. प्रवासी विमानं कंट्रोलरच्या सूचनांनुसारच उडतात. छोट्या विमानाचा पायलट मात्र हवामान स्वच्छ असेल तर बाहेर बघत, स्वतःच्या जबाबदारीवर उडू शकतो. मोठ्या विमानतळांपासून लांब असेल तर त्याने कोणाशी बोललंच पाहिजे असंही नाही. त्याने रडारची मदत मागितली तर ती मिळते, पण एका अटीवर. कंट्रोलरला वेळ असला पाहिजे.

पुढचे अनेक वाद याच अटीपाशी येऊन थांबतात.

मग पैसे येतात कुठून?

१९७० मध्ये अमेरिकेने यासाठी एक वेगळा निधी सुरू केला. त्याचं नाव एअरपोर्ट अँड एअरवे ट्रस्ट फंड. विमान वाहतुकीवर लावलेले कर या फंडात जमा होतात. एफएएच्या खर्चाचा मोठा हिस्सा इथून येतो आणि उरलेली रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून. एफएएचं वार्षिक बजेट २० अब्ज डॉलरच्या वर आहे.

फंडात पैसे भरणाऱ्यांपैकी तीन गट इथे बघू.

पहिला गट प्रवाशांचा. देशांतर्गत तिकिटाच्या मूळ भाड्यावर ७.५ टक्के कर लागतो. त्याशिवाय प्रत्येक टप्प्यामागे साधारण ५ डॉलर.

दुसरा गट खासगी जेटचा. स्वतःच्या कामासाठी जेट उडवणाऱ्यांना जेट इंधनावर प्रत्येक गॅलनमागे २१.८ सेंट भरावे लागतात.

तिसरा गट छोट्या पिस्टन विमानांचा. ही विमानं अ‍ॅव्हगॅस नावाच्या पेट्रोलवर उडतात आणि त्यावर गॅलनमागे १९.३ सेंट कर आहे.

म्हणजे वरच्या शिक्षिकेला बिल आलं नाही, तरी तिने पैसे भरलेत. इंधन भरतानाच तिच्याकडून कर घेतला गेला.

कोण किती भरतं? एक छोटं गणित

तीन विमानं दोन तास उडाली असं समजू.

सेसना १७२ ला तासाला साधारण ८ गॅलन इंधन लागतं. दोन तासांत १६ गॅलन. कर झाला सुमारे ३ डॉलर.

मधल्या आकाराचं खासगी जेट तासाला २५० गॅलन जाळतं असं धरू. दोन तासांत ५०० गॅलन. कर झाला सुमारे १०९ डॉलर.

प्रवासी विमानात १५० माणसं आहेत आणि प्रत्येकाचं मूळ भाडं १५० डॉलर आहे असं धरू. प्रत्येकाकडून सव्वा अकरा डॉलर आणि वर टप्प्याचे ५. सगळे मिळून सुमारे २,४०० डॉलर.

३, १०९ आणि २,४००. विमान कंपन्यांची तक्रार याच आकड्यांवर उभी आहे. त्यांचं म्हणणं असं, की रडारच्या पडद्यावर जेट आणि प्रवासी विमान म्हणजे सारखेच दोन ठिपके. कंट्रोलरला दोघांसाठी जवळपास सारखंच काम पडतं. मग आमच्या प्रवाशांनी वीसपट जास्त का भरायचं?

हौशी पायलटचं उत्तर वेगळं आहे. ते म्हणतात, ही सगळी यंत्रणा उभी राहिली तीच मुळात विमान कंपन्यांसाठी. मोठमोठी रडार सेंटर, गर्दीच्या विमानतळांवरचे कंट्रोलर, हे सगळं वेळापत्रकावर चालणाऱ्या हजारो फ्लाइटसाठी लागतं. उद्या छोटी विमानं उडायची थांबली, तरी हा खर्च फारसा कमी होणार नाही.

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट या भांडणात हरवते. "खासगी विमान" या एकाच शब्दात कोट्यवधींचं जेटही येतं आणि चाळीस वर्षं जुनं सेसनाही. दोघांचा एटीसीवरचा भार वेगळा आणि दोघांचे खिसेही वेगळे.

"वापराल तसे पैसे भरा" यात वाईट काय?

दिसायला ही व्यवस्था सरळ आहे. टोल नाक्यासारखी. जितकी सेवा घ्याल तितकं बिल.

अमेरिकेत असे प्रयत्न झालेही. २०११ मध्ये ओबामा सरकारने नियंत्रित आकाशातल्या प्रत्येक फ्लाइटमागे १०० डॉलर आकारायचा प्रस्ताव मांडला. पिस्टन विमानांना त्यातून सूट होती. तरीही छोट्या विमानांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. आज सूट आहे, उद्या ती राहीलच याची खात्री काय, अशी त्यांना भीती होती. प्रस्ताव पुढे सरकला नाही.

विरोधाचं सगळ्यात मोठं कारण सुरक्षेचं आहे. इंधनावरचा कर आधीच भरून झालेला असतो. त्यामुळे कंट्रोलरला हाक मारताना पायलटच्या मनात पैशांचा विचार येत नाही. पण प्रत्येक हाकेला दर लागला तर? ढग दाटून आलेत, वाट चुकल्यासारखं वाटतंय, अशा वेळी एखादा पायलट "बघू, अजून दहा मिनिटं स्वतःच निभावू" असा विचार करू शकतो. विमानात ती दहा मिनिटं जीवघेणी ठरू शकतात.

सरावाचंही तसंच. पायलट शिकताना विमान उतरवायचं आणि लगेच पुन्हा उडवायचं, असं शेकडो वेळा करावं लागतं. प्रत्येक वेळी टॉवरचं बिल आलं तर माणूस सराव कमी करणार. आणि कमी सराव केलेला पायलट त्याच आकाशात उडणार, जिथे प्रवासी विमानंही आहेत.

मग सरकारी पैसा म्हणजे सगळं आलबेल?

अजिबात नाही. सरकारी पैशाची गडबड अशी, की तो राजकारणावर अवलंबून असतो.

ट्रस्ट फंडात पैसे पडून असले तरी एफएए ते आपल्या मनाने खर्च करू शकत नाही. त्यासाठी अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची मंजुरी लागते. काँग्रेसमध्ये घोळ झाला की त्याचा फटका थेट टॉवरपर्यंत पोहोचतो.

२०११ च्या उन्हाळ्यात एफएएच्या अधिकारांची मुदत संपली आणि काँग्रेसने ती वेळेत वाढवली नाही. जवळपास दोन आठवडे तिकिटावरचा कर गोळा करायचा अधिकारच सरकारकडे राहिला नाही. सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसावं लागलं.

२०१३ मध्ये सरकारी खर्चात सक्तीची कपात आली. एफएएने ठेक्यावर चालणारे १४९ टॉवर बंद करण्याची घोषणा केली. यातले बरेच टॉवर अशा विमानतळांवर होते जिथे मोठ्या कंपन्यांची विमानं कमी आणि शिकाऊ किंवा हौशी पायलट जास्त. त्याच एप्रिलमध्ये कंट्रोलरना आळीपाळीने सक्तीची सुट्टी दिली गेली आणि मोठ्या विमानतळांवर फ्लाइट लेट व्हायला लागल्या. मग काँग्रेसने काही दिवसांतच घाईघाईने कायदा करून पैसे वळवले. त्यातून टॉवरही वाचले.

याच वर्षीची आणखी एक गोष्ट हौशी पायलट अजून विसरलेले नाहीत. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावात दर उन्हाळ्यात एअरव्हेंचर नावाची विमानांची जत्रा भरते. त्या भागात हजारो विमानं येतात आणि आठवडाभर तिथला टॉवर जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या टॉवरपैकी एक होतो. त्यासाठी एफएए दरवर्षी बाहेरून कंट्रोलर पाठवायची. २०१३ मध्ये कपातीचं कारण देत एफएएने आयोजक संस्थेकडे त्याचा खर्च मागितला. रक्कम होती सुमारे साडेचार लाख डॉलर. संस्थेने निषेध नोंदवत पैसे भरले आणि प्रकरण कोर्टात नेलं. पुढे दोघांमध्ये करार होऊन वाद मिटला. पण इंधनावर कर भरूनही वरून बिल येऊ शकतं, हे पायलटना तेव्हा दिसलं.

शटडाऊन झालं की छोट्या पायलटचं काय होतं?

बजेट मंजूर झालं नाही की अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडतं. याला शटडाऊन म्हणतात. कंट्रोलर अत्यावश्यक कर्मचारी असल्याने त्यांना कामावर यावंच लागतं, पण पगार अडकतो.

२०१८-१९ चं शटडाऊन ३५ दिवस चाललं. शेवटच्या दिवशी कंट्रोलर कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ थांबवावी लागली. त्याच दिवशी तात्पुरती तडजोड झाली.

२०२५ चं शटडाऊन तर ४३ दिवस चाललं. नोव्हेंबरमध्ये एफएएने ४० मोठ्या विमानतळांवरच्या फ्लाइट कमी करायला सांगितल्या. बातम्या झाल्या त्या रद्द फ्लाइटच्या आणि अडकलेल्या प्रवाशांच्या.

छोट्या विमानाचा पायलट या बातम्यांत दिसत नाही. पण "कंट्रोलरला वेळ असेल तर" ही अट आठवा. माणसं कमी असली की कंट्रोलर आधी ज्यांना सेवा देणं बंधनकारक आहे त्यांच्याकडे बघतो. रडारवरून लक्ष ठेवायची विनंती करणाऱ्या सेसनाला "सध्या जमणार नाही" असं उत्तर मिळतं. त्यात कोणाची चूक नाही, नियमच तसा आहे. मात्र आकाशात तेवढ्या वेळापुरती एक जोडी डोळे कमी होते.

आणि हा तुटवडा फक्त शटडाऊनपुरता नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी संपावर गेलेल्या ११,००० पेक्षा जास्त कंट्रोलरना एका झटक्यात काढून टाकलं होतं. त्यांच्या जागी आलेली पिढी पुढे एकाच सुमारास निवृत्त व्हायला लागली. नवा कंट्रोलर पूर्ण तयार व्हायला काही वर्षं लागतात. भरतीच्या मध्येच बजेट अडकलं की ट्रेनिंगही अडकतं.

कॅनडाने काय केलं?

शेजारच्या कॅनडाने १९९६ मध्ये वेगळा रस्ता धरला. सरकारने आपली एटीसी यंत्रणा नॅव्ह कॅनडा या कंपनीला १.५ अब्ज कॅनेडियन डॉलरला विकली. ही कंपनी नफ्यासाठी चालत नाही. तिच्या संचालक मंडळात विमान कंपन्या, सरकार, कर्मचारी युनियन आणि छोटी विमानं या सगळ्यांचे प्रतिनिधी असतात. खर्च निघतो तो सेवाशुल्कातून.

हौशी पायलटला तिथे प्रत्येक हाकेचं बिल येत नाही. दोन टनांपर्यंतच्या खासगी विमानाला वर्षाला एकदा ठरावीक शुल्क असतं आणि ते शंभर कॅनेडियन डॉलरच्याही आत असतं. काही मोठ्या विमानतळांवर उतरलात तर वेगळे पैसे. म्हणजे "खासगीकरण केलं की छोटा पायलट संपला" हे म्हणणं कॅनडात तरी खरं ठरलेलं नाही.

फायदा असा, की अमेरिकेसारखं शटडाऊन तिथल्या एटीसीला अडवत नाही. नवी यंत्रणा घ्यायची तर कंपनी कर्ज काढू शकते.

तोटा २०२० मध्ये दिसला. कोव्हिडमुळे विमानं जमिनीवर आली आणि शुल्क आटलं. नॅव्ह कॅनडाने दर सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवले. ग्राहक सगळ्यात अडचणीत असताना दर वाढले. अमेरिकेत मात्र त्याच काळात सरकारने विमान प्रवासावरचे हे कर काही महिने थांबवले आणि नंतर ट्रस्ट फंडात सर्वसाधारण तिजोरीतून १४ अब्ज डॉलर टाकले.

युरोपात तिसरा प्रकार आहे. तिथे आकाशातल्या मार्गांचं शुल्क विमानाचं वजन आणि अंतर बघून ठरतं. दोन टनांपेक्षा हलक्या विमानांना ते माफ आहे. पण विमानतळावर उतरायचे पैसे सहसा द्यावे लागतात.

अमेरिकेत कॅनडासारखं का झालं नाही?

प्रयत्न झाला होता. रिपब्लिकन खासदार बिल शूस्टर यांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये एटीसी एफएएपासून वेगळी काढून बिगर-नफा कंपनीकडे द्यायचं विधेयक आणलं. जून २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी या कल्पनेला जाहीर पाठिंबा दिला. मोठ्या विमान कंपन्यांची संघटना बाजूने होती. कंट्रोलरच्या युनियननेही पाठिंबा दिला, कारण बजेटच्या दरवर्षीच्या अनिश्चिततेला तेही कंटाळले होते.

२०१७ च्या विधेयकात छोट्या खासगी विमानांना शुल्कमाफी लिहून दिली होती. तरी १९३९ पासून काम करणाऱ्या एओपीए या पायलटच्या संघटनेने विरोध सोडला नाही. त्यांचा मुद्दा शुल्कापुरता नव्हता. कंपनीचा कारभार मोठ्या विमान कंपन्यांच्या हातात गेला, तर कुठला टॉवर ठेवायचा आणि कुठला बंद करायचा, हे त्यांच्या सोयीने ठरेल अशी भीती होती. लहान विमानतळ असलेल्या ग्रामीण भागातल्या खासदारांनाही हे पटलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये शूस्टर यांनी माघार घेतली.

त्यानंतर व्यवस्था जुनीच राहिली. २०२५ मध्ये काँग्रेसने एटीसीच्या जुनाट यंत्रणा बदलण्यासाठी १२.५ अब्ज डॉलर मंजूर केले, तेही सरकारी तिजोरीतूनच.

याचा मराठी मुलांशी काय संबंध?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तास विमान उडवावं लागतं. दरवर्षी महाराष्ट्रासह देशभरातून अनेक मुलं हे तास पूर्ण करायला परदेशात जातात आणि अमेरिका हे त्यातलं एक मोठं ठिकाण आहे. चांगलं हवामान, भरपूर विमानतळ, स्वस्त इंधन ही कारणं नेहमी सांगितली जातात. टॉवर आणि रडारचं वेगळं बिल नसणं हे त्याच यादीतलं एक कारण, पण ते फारसं कोणी बोलत नाही.

कल्पना करा, सरावाच्या प्रत्येक लँडिंगमागे टॉवरने १० डॉलर घेतले आणि एका विद्यार्थ्याने अशी ३०० लँडिंग केली. सरळ ३,००० डॉलर वाढले. शैक्षणिक कर्ज काढून किंवा घर गहाण ठेवून मुलाला पाठवणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही.

आपल्याकडे एटीसी भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं. ही सरकारी संस्था आहे, पण मार्ग आणि टर्मिनल परिसरातल्या दिशादर्शनाचं शुल्क ती विमानं चालवणाऱ्यांकडून घेते. म्हणजे मालकी सरकारची आणि पैसा वापरणाऱ्याचा. मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलच्या विमानांना लँडिंग शुल्कातून सूट दिली जाते. शिकाऊ पायलटवर प्रत्येक लँडिंगचा बोजा नको, हे तत्त्व इथेही मान्य झालेलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर

एटीसी फुकट कुठेच नाही. फरक फक्त पैसे कधी आणि कसे घेतले जातात याचा आहे.

करातून पैसे घेतले तर पायलट मदत मागायला कचरत नाही, पण राजकारण्यांचं भांडण टॉवरपर्यंत येतं. शुल्कातून घेतले तर संसदेच्या भांडणापासून सुटका होते, पण मंदी आली की दर वाढतात आणि जास्त पैसे देणाऱ्याचा आवाज मोठा होतो. कॅनडाने वर्षाला एकदाच छोटं शुल्क ठेवून यातून मधला मार्ग काढलाय.

त्यामुळे सरकारी की खासगी एवढ्यावर हा वाद संपत नाही. ढगात अडकलेल्या छोट्या विमानातल्या पायलटने रेडिओचं बटण दाबताना पैशांचा विचार करावा लागू नये, आणि त्याने हाक मारली तेव्हा पलीकडे उत्तर द्यायला माणूस असावा. कोणतीही व्यवस्था निवडताना या दोन्ही गोष्टी जमतात का, हे आधी बघावं लागतं.